दोन केबल जोडल्या, तरी ट्रॅफिक एकाच केबलवर: पोर्ट-चॅनल, हेल्पर-ॲड्रेस आणि वेक-ऑन-लॅन

प्रश्न थोडक्यात असा. कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये सिस्कोचा कॅटॅलिस्ट ३७५०-एक्स कोअर (मुख्य स्विच) म्हणून आहे, कॉम्प्युटर लॅबमध्ये २९६०-एक्स. दोघांमध्ये ४७ आणि ४८ नंबरच्या पोर्टवर दोन केबल टाकून बंडल केलं (दोन केबलची मिळून एकच लिंक; सिस्को त्याला इथरचॅनल किंवा पोर्ट-चॅनल म्हणतं). आधी कोअरला मोड ऑन आणि लॅबला मोड ॲक्टिव्ह दिलं, तेव्हा लॅबच तुटली. मग दोन्हीकडे ऑन केल्यावर चालू झालं. आता तीन तक्रारी आहेत. १० गिगाबिट पोर्टवरच्या सर्व्हरमधून तीस पीसीवर एकदम इमेज (डिस्कची तयार प्रत) ढकलली तरी एकच केबल भरते, दुसरी रिकामी राहते. बंडल केल्यापासून लॅबमधल्या मशीनना डीएचसीपीने, म्हणजे पत्ते आपोआप वाटणाऱ्या सोयीने, आयपी मिळत नाही (लॅबच्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे खोट्या डीएचसीपी सर्व्हरना अडवणारी सोय, चालू आहे). आणि सर्व्हर व्हीलॅन १० मध्ये, लॅब व्हीलॅन ३० मध्ये (त्याच स्विचवर वेगळी पाडलेली दोन नेटवर्कं) असल्यामुळे रात्री वेक-ऑन-लॅनचं, म्हणजे बंद पीसी दुरून चालू करणारं, पॅकेट पोचत नाही. म्हणून विचारलंय की 'ब्रॉडकास्ट पुढे पाठवायची कमांड कुठली?' (ब्रॉडकास्ट म्हणजे नेटवर्कमधल्या सगळ्यांना एकदम उद्देशून पाठवलेलं पॅकेट.)

कमांड खाली उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, स्विचवर नेहमीचंच स्पेलिंग टाकायचं.

आधी लॅब का तुटली ते बघू, कारण 'दोन्हीकडे ऑन केलं आणि चाललं' हा उपाय मला पटलेला नाही. मोड ऑन म्हणजे स्विच समोरच्याला काहीच विचारत नाही, आपल्यापुरतं बंडल झालं असं धरून चालतो. मोड ॲक्टिव्ह म्हणजे तो एलएसीपीची (बंडल जुळवायला दोन स्विचनी एकमेकांशी बोलायची पद्धत) पॅकेट पाठवतो आणि समोरून तशीच उत्तरं येईपर्यंत पोर्ट बंडलमध्ये घेत नाही. कोअर ऑन असल्यामुळे गप्प होता, लॅबचा स्विच उत्तराची वाट बघत बसला आणि त्याने दोन्ही पोर्ट सस्पेंड केले. लॉग अजून पुसला गेला नसेल तर त्यात स्पष्ट ओळ सापडेल: 'सस्पेंडेड: एलएसीपी करंटली नॉट एनेबल्ड ऑन द रिमोट पोर्ट'. म्हणजे लॅबचा स्विच बरोबर वागला, बदलायला हवा होता तो कोअर.

काही मॉडेलवर आणि सिस्कोच्या स्विचवर चालणाऱ्या आयओएस सॉफ्टवेअरच्या काही आवृत्त्यांवर हेच पोर्ट सस्पेंड न होता स्वतंत्र पोर्ट म्हणून चालू राहतात, आणि ते जास्त त्रासदायक. कोअरला वाटतं ही एकच लिंक आहे, म्हणून तो स्पॅनिंग-ट्रीचे (केबलचं वर्तुळ झालं तर एक पोर्ट ब्लॉक करणारी यंत्रणा) बीपीडीयू, म्हणजे तिचे निरोप, एकाच केबलवर पाठवतो. लॅबच्या स्विचला मात्र दोन वेगळे पोर्ट दिसतात. दुसऱ्यावर बीपीडीयू येतच नाही, म्हणून तो पोर्ट ब्लॉक न होता फॉरवर्ड करू लागतो. कोअरकडून आलेला ब्रॉडकास्ट एका केबलने येतो आणि दुसरीने परत जातो. कोअर तो त्याच बंडलवर पुन्हा पाठवत नाही, त्यामुळे भोवरा लागत नाही, पण सर्व्हरचा मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता) आता लॅबच्या बाजूने येताना दिसतो. मॅक टेबलचा (कुठला मॅक कुठल्या पोर्टवर याची नोंद) बट्ट्याबोळ होतो आणि नेटवर्क 'कधी चालतं कधी नाही' असं वागू लागतं. सिस्कोमध्ये यासाठी स्पॅनिंग-ट्री इथरचॅनल गार्ड मिसकॉन्फिग आहे, ते डिफॉल्टने चालू असतं आणि चूक पकडली तर पोर्ट एरर-डिसेबल, म्हणजे बंद, करतं. पण प्रत्येक वेळी पकडतंच असं नाही.

म्हणून दोन्ही बाजूंना ॲक्टिव्ह करा. ॲक्टिव्ह-पॅसिव्हही चालतं, पॅसिव्ह-पॅसिव्ह कधीच जुळत नाही. दोघेही समोरच्याने सुरुवात करायची वाट बघतात. डिझायरेबल आणि ऑटो हे एलएसीपीसारख्याच, पण सिस्कोच्या स्वतःच्या पीएजीपीचे मोड आहेत, उद्या लॅबमध्ये दुसऱ्या कंपनीचा स्विच आला तर ते निरुपयोगी. एलएसीपी हे आयईईईचं मानक आहे, २००० साली ८०२.३एडी म्हणून आलं आणि २००८ पासून ८०२.१एएक्समध्ये आहे. कुठल्याही बऱ्या मॅनेज्ड स्विचमध्ये ते मिळतं.

मोड बदलताना पोर्ट खाली जाणारच. लॅबच्या स्विचवर तुम्ही याच केबलमधून लॉगिन करत असाल तर कन्सोल केबल घेऊन लॅबमध्ये जा. ते शक्य नसेल तर आधी चालू कॉन्फिग सेव्ह करा, मग 'रिलोड इन १०' द्या, मग लॅबचा स्विच बदला आणि शेवटी कोअर. मधेच अडकलात तर दहा मिनिटांत स्विच जुन्या कॉन्फिगने उठेल. सगळं जमलं की 'रिलोड कॅन्सल', आणि त्यानंतरच 'राइट मेमरी'.

दोन्ही स्विचवर क्रम सारखाच:

इंटरफेस रेंज गिगाबिट १/०/४७ - ४८
शटडाउन
नो चॅनल-ग्रुप
स्विचपोर्ट मोड ट्रंक
चॅनल-ग्रुप १ मोड ॲक्टिव्ह
नो शटडाउन

३७५०-एक्सवर ट्रंकच्या (एकाच लिंकवरून अनेक व्हीलॅन नेणं) आधी 'स्विचपोर्ट ट्रंक एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू' द्यावं लागतं, २९६०-एक्सवर ती कमांडच नाही. दूरवरून करत असाल तर ओळी एकेक टाइप करू नका, कारण शटडाउनलाच तुमचं सेशन जाईल. मजकूर फाइलमध्ये लिहून स्विचच्या फ्लॅशवर ठेवा आणि 'कॉपी फ्लॅश रनिंग-कॉन्फिग'ने एकदम चढवा.

एकदा पोर्ट-चॅनल १ तयार झाला की ४७ आणि ४८ ला हात लावायचा नाही. व्हीलॅन वाढवायचा, नेटिव्ह व्हीलॅन बदलायचा, काहीही असो, ते 'इंटरफेस पोर्ट-चॅनल १' मध्ये जाऊन करायचं, तिथून ते दोन्ही पोर्टवर उतरतं. एकाच पोर्टवर वेगळा व्हीलॅन दिलात तर कॉन्फिग जुळत नाही म्हणून तो पोर्ट बंडलबाहेर फेकला जातो. आणि इथेच दुसरा सापळा: 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' लिहिलंत तर आधीचे सगळे व्हीलॅन जातात. वाढवायचा असेल तर 'अलाउड व्हीलॅन ॲड ३०'. या एका शब्दापायी भरदुपारी अख्खा मजला बंद पडलेला मी पाहिलाय.

तपासायला 'शो इथरचॅनल समरी'. पोर्ट-चॅनलपुढे कंसात एसयू हवं, म्हणजे लेयर-२ आणि वापरात. दोन्ही पोर्टपुढे कॅपिटल पी हवा. स्मॉल एस दिसला तर सस्पेंडेड, कॅपिटल आय दिसला तर एकटा पडलेला, कॅपिटल डी म्हणजे केबल किंवा समोरचा पोर्टच बंद. अडलं तर 'शो एलएसीपी काउंटर्स' बघा. पाठवलेला आकडा वाढतोय आणि आलेला शून्यावर आहे, तर समोरचा बोलत नाही किंवा मधे काहीतरी बसलंय. एलएसीपीची पॅकेट ०१-८०-सी२-००-००-०२ या पत्त्यावर जातात आणि तो पत्ता स्विच पुढे पाठवत नाही. तेव्हा दोन स्विचच्या मधे कुणी पाच पोर्टचा स्वस्त स्विच खुपसला असेल तर बंडल कधीच जमणार नाही.

मोड ऑनला माझा विरोध आहे तो मुख्यतः मीडिया कन्व्हर्टरमुळे (तांब्याची केबल फायबरला जोडणारा डबा). दोन इमारतींमध्ये फायबर आहे, दोन्ही टोकांना कन्व्हर्टर आहेत. मधली फायबर तुटली तरी स्विच ते कन्व्हर्टर ही तांब्याची केबल जिवंत असते, पोर्टचा दिवा हिरवाच राहतो. ऑन असेल तर स्विच त्या मेलेल्या केबलवर निम्मं ट्रॅफिक टाकत राहतो. निम्म्या लोकांचं नेट चालतं, निम्म्यांचं नाही, आणि पिंग कुठून करता यावर उत्तर बदलतं. एलएसीपी असेल तर पॅकेट यायची थांबली की पोर्ट बाहेर काढला जातो. नेहमीच्या संथ गतीत दर ३० सेकंदांनी एक पॅकेट आणि तीन चुकली की बाद, म्हणजे ९० सेकंद. 'एलएसीपी रेट फास्ट' ही कमांड ज्या मॉडेलवर चालते तिथे हेच १ आणि ३ सेकंदांवर येतं.

ऑन कुठे योग्य? व्हीएमवेअरच्या साध्या स्टँडर्ड स्विचला (सर्व्हरच्या आतला सॉफ्टवेअरचा स्विच) एलएसीपी येत नाही. तिथे सर्व्हरकडे आयपी हॅश (आयपीवरून केबल निवडणं) आणि स्विचकडे मोड ऑन, हाच मार्ग. डिस्ट्रिब्युटेड स्विच असेल तर एलएसीपी मिळतं. लिनक्स सर्व्हरला बाँडिंगचा मोड ४ द्या, तो एलएसीपीच आहे.

आता रिकाम्या केबलबद्दल. बंडल केल्याने एका संभाषणाचा वेग वाढत नाही. टोलनाक्यावर दोन लेन उघडल्या तरी एक गाडी एकाच लेनमधून जाते. स्विच प्रत्येक फ्रेमच्या पत्त्यावरून हॅश (हिशोबाने निघणारा एक आकडा) काढतो आणि त्यावरून केबल ठरवतो. एका जोडीची पॅकेट कायम एकाच केबलवर जातात, नाहीतर ती मागेपुढे पोचतील. तुमच्याकडे गाड्या तीस आहेत, तरी सगळ्या एकाच लेनला का लागल्या? कारण या दोन्ही मॉडेलवर डिफॉल्ट हॅश सोर्स-मॅकवर चालतो. इमेज ढकलणारा सर्व्हर एकच, म्हणजे सोर्स-मॅक एकच, म्हणजे हॅशचं उत्तरही एकच. पीसी तीस असोत की तीनशे. उलट दिशेने पाहा: लॅबकडून कोअरकडे जाताना तीस वेगळे मॅक आहेत, त्यामुळे तिकडचं ट्रॅफिक बऱ्यापैकी वाटलेलं दिसेल. प्रत्येक स्विच फक्त आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचं ठरवतो, म्हणून दुरुस्ती कोअरवर करायची:

पोर्ट-चॅनल लोड-बॅलन्स सोर्स-डेस्टिनेशन-आयपी

ही ग्लोबल कमांड आहे, लिहिताना 'एसआरसी-डीएसटी-आयपी' असं आखूड रूप. तिचा परिणाम त्या स्विचवरच्या सगळ्या पोर्ट-चॅनलवर होतो, एवढं लक्षात ठेवा. मग 'टेस्ट इथरचॅनल लोड-बॅलन्स इंटरफेस पोर्ट-चॅनल १ आयपी १०.१०.१०.२० १०.१०.३०.५१' असं विचारा. पहिला आयपी सर्व्हरचा, दुसरा पीसीचा; स्विच सांगेल की ही जोडी तो ४७ वर टाकेल की ४८ वर. ५१, ५२, ५३ असे पत्ते बदलत विचारलंत की वाटणी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्ष भार बघायला दोन्ही पोर्टवर 'लोड-इंटरव्हल ३०' द्या, नाहीतर 'शो इंटरफेसेस' पाच मिनिटांची सरासरी दाखवतो आणि त्यावरून काही कळत नाही.

दोन केबल कमी पडल्या तर तिसरी टाकायचा मोह होईल. या कॅटॅलिस्टमध्ये हॅशचे आठ कप्पे असतात. दोन केबलना चार-चार येतात, चार केबलना दोन-दोन. तीन केबल असतील तर तीन, तीन आणि दोन. चालतं, पण वाटणी समान नसते. दोन, चार किंवा आठ धरा. खरं तर कोअरवर १० गिगाबिटचं मोड्यूल आहेच, तेव्हा २९६०-एक्सच्या १० गिगाबिट अपलिंकच्या मॉडेलचा भाव काढून बघा; चार केबलच्या जुगाडापेक्षा एक फायबर बरी. आणि इमेजिंगचं सॉफ्टवेअर मल्टिकास्टने पाठवत असेल तर तो सगळ्यांसाठी एकच प्रवाह आहे, तो एकाच केबलवर जाणार आणि ते ठीकच आहे.

डीएचसीपीकडे वळू. स्नूपिंग चालू असलेला स्विच सर्व्हरकडून आलेली डीएचसीपीची उत्तरं फक्त ट्रस्टेड पोर्टवरून स्वीकारतो. तुम्ही आधी ४७ वर 'आयपी डीएचसीपी स्नूपिंग ट्रस्ट' दिलं असणार. बंडल झाल्यावर स्विचच्या लेखी अपलिंक म्हणजे पोर्ट-चॅनल १, आणि तो ट्रस्टेड नाही. ट्रस्ट तिथे द्या:

इंटरफेस पोर्ट-चॅनल १
आयपी डीएचसीपी स्नूपिंग ट्रस्ट

एवढ्याने नाही सुटलं तर पुढची शंका ऑप्शन ८२ ची. स्नूपिंग करणारा स्विच पीसीच्या विनंतीत ऑप्शन ८२ (विनंती कुठल्या पोर्टवरून आली याची चिठ्ठी) घालतो, पण रिलेचा, म्हणजे विनंती पुढे नेणाऱ्याचा, पत्ता शून्यच ठेवतो. कोअरला असं पॅकेट संशयास्पद वाटतं आणि तो ते गुपचूप टाकून देतो. लॅबच्या स्विचवर 'नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन' द्या. नाहीतर कोअरच्या व्हीलॅन ३० वर 'आयपी डीएचसीपी रिले इन्फर्मेशन ट्रस्टेड'. मी पहिला पर्याय घेतो, कारण ऑप्शन ८२ बहुतेक ठिकाणी कुणी वाचतच नाही.

हेल्पर-ॲड्रेस (विनंती दुसऱ्या व्हीलॅनमधल्या सर्व्हरकडे नेणारी कमांड) तुमच्याकडे असेलच, तरी जागा तपासा. तो पीसींच्या व्हीलॅनवर लागतो, सर्व्हरच्या नाही:

इंटरफेस व्हीलॅन ३०
आयपी हेल्पर-ॲड्रेस १०.१०.१०.५

व्हीलॅन ३० मध्ये ओरडलेला ब्रॉडकास्ट कोअर उचलतो, त्यात रिलेचा पत्ता म्हणून १०.१०.३०.१ हा स्वतःचा आयपी लिहितो आणि सर्व्हरला युनिकास्टने (फक्त त्या एकालाच) पाठवतो. सर्व्हर त्या पत्त्यावरून स्कोप (वाटायच्या आयपींचा संच) निवडतो. म्हणून सर्व्हरवर १०.१०.३०.० चा स्कोप आणि परतीचा रूट दोन्ही हवेत. हेल्पर फक्त डीएचसीपी नेतो असं अनेकांना वाटतं, पण डिफॉल्टने तो यूडीपीचे आठ पोर्ट पुढे पाठवतो: ३७, ४९, ५३, ६७, ६८, ६९, १३७ आणि १३८. शेवटचे दोन नेटबायॉसचे. जुन्या विंडोज मशीनची सगळी कुजबुज डीएचसीपी सर्व्हरच्या दारात नेऊन टाकायचं कारण नाही. 'नो आयपी फॉरवर्ड-प्रोटोकॉल यूडीपी १३७' आणि तसंच १३८ साठी देऊन बंद करा.

राहिला वेक-ऑन-लॅन, आणि तुमच्या मूळ प्रश्नातला ब्रॉडकास्ट. सगळे ब्रॉडकास्ट एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात सोडणारी कमांड शोधू नका. व्हीलॅन वेगळे केले ते ब्रॉडकास्ट अडवायलाच. इथे हवा आहे तो एकाच सर्व्हरकडून, एकाच पोर्टवर येणारा, एकाच सबनेटसाठीचा ब्रॉडकास्ट. त्याला डायरेक्टेड ब्रॉडकास्ट म्हणतात: पॅकेट १०.१०.३०.२५५ ला उद्देशून निघतं, कोअरपर्यंत साध्या पॅकेटसारखं येतं आणि व्हीलॅन ३० च्या तोंडाशी पोचल्यावर ब्रॉडकास्ट होतं. १९९८ च्या सुमारास स्मर्फ हल्ल्यांनी याच सोयीचा गैरफायदा घेतला: खोट्या सोर्स पत्त्याने सबनेटला पिंग करायचं आणि शेकडो मशीनची उत्तरं बिचाऱ्या तिसऱ्याच्या अंगावर सोडायची. १९९९ च्या आरएफसी २६४४ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने राउटरवर ही सोय डिफॉल्टने बंद ठेवायला सांगितलं, सिस्कोनेही आयओएस १२.० पासून ती बंद ठेवली. म्हणून तुमचं पॅकेट कोअरपाशी मरतं. उघडायची तर ॲक्सेस-लिस्ट (कुणाला जाऊ द्यायचं याची यादी) लावूनच:

ॲक्सेस-लिस्ट १०१ परमिट यूडीपी होस्ट १०.१०.१०.२० एनी ईक्यू ९
आयपी फॉरवर्ड-प्रोटोकॉल यूडीपी ९
इंटरफेस व्हीलॅन ३०
आयपी डायरेक्टेड-ब्रॉडकास्ट १०१

पोर्ट ९ की ७ हे सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, पीसीच्या कार्डाला त्याने फरक पडत नाही. ते फक्त पॅकेटच्या आत सहा बाइट एफएफ आणि त्यामागे स्वतःचा मॅक सोळा वेळा, अशी १०२ बाइटची माळ शोधतं. सॉफ्टवेअरमध्ये सबनेटचा पत्ता १०.१०.३०.२५५ असा द्यायला विसरू नका. ते फक्त २५५.२५५.२५५.२५५ ला पाठवत असेल तर व्हीलॅन १० वर 'आयपी हेल्पर-ॲड्रेस १०.१०.३०.२५५' द्यावा लागेल. पण मग सर्व्हर व्हीलॅनमधले बाकीच्या पोर्टचे ब्रॉडकास्टही लॅबकडे जाऊ लागतील, म्हणून शक्यतो सॉफ्टवेअर बदला.

एक फसवा अनुभव येऊ शकतो. कुणी म्हणेल, पीसीच्या आयपीवर थेट पाठवलं तरी पीसी उठतो, मग एवढा खटाटोप कशाला? पीसी बंद करून अर्ध्या तासाने करून बघितलं तर उठेलही. कारण कोअरच्या एआरपी टेबलमध्ये (कुठला आयपी कुठल्या मॅकचा) त्याची नोंद डिफॉल्टने चार तास राहते. स्विचच्या मॅक टेबलमधून नाव गेलेलं असलं तरी फ्रेम सगळ्या पोर्टवर पसरते आणि पोचते. चार तास उलटले की कोअर 'हा आयपी कुणाचा' असं विचारतो, झोपलेला पीसी उत्तर देत नाही, आणि पॅकेट तिथेच संपतं. म्हणून संध्याकाळी चाचणी पास होते आणि पहाटेचं शेड्यूल फसतं.

लॅबच्या पोर्टवर स्टॉर्म-कंट्रोल (मर्यादेपलीकडचे ब्रॉडकास्ट अडवणारी सोय) मात्र लावाच; कुणीतरी भिंतीवरच्या दोन सॉकेटना एकच केबल जोडतंच. 'स्टॉर्म-कंट्रोल ब्रॉडकास्ट लेव्हल १.००' म्हणजे गिगाबिट पोर्टवर १० मेगाबिट, सर्वांत छोट्या फ्रेमच्या हिशोबाने सेकंदाला सुमारे १४,८८० फ्रेम. लॅबच्या पीसीला एवढं कधीच लागत नाही. सोबत 'स्टॉर्म-कंट्रोल ॲक्शन शटडाउन' आणि ग्लोबलमध्ये 'एररडिसेबल रिकव्हरी कॉज स्टॉर्म-कंट्रोल', म्हणजे ३०० सेकंदांनी पोर्ट आपोआप पुन्हा उघडतो. अपलिंकवर शटडाउन लावू नका, एका पोराच्या खोडीपायी अख्खी लॅब जाईल. आणि बंडलमुळे ब्रॉडकास्ट दुप्पट होतो का, ही शंका असेल तर नाही: प्रत्येक ब्रॉडकास्ट फ्रेम बंडलमधल्या एकाच केबलवरून जाते.

पुढे एचपीचे प्रोकर्व्ह किंवा त्याच घराण्यातले अरुबा स्विच हाताखाली आले तर तिथे ट्रंक म्हणजे बंडल: 'ट्रंक २३-२४ टीआरके१ एलएसीपी'. शेवटचा शब्द गाळला तर ते सिस्कोच्या ऑनसारखं स्थिर बंडल होतं. पोर्ट टीआरके१ मध्ये गेले की त्यांची आधीची व्हीलॅनची मांडणी जाते, म्हणून 'व्हीलॅन ३० टॅग्ड टीआरके१' नव्याने द्यावं लागतं. हेल्पर तिथेही व्हीलॅनच्या आतच लागतो. बाकीच्या यूडीपी पोर्टसाठी आधी ग्लोबलमध्ये 'आयपी यूडीपी-बीकास्ट-फॉरवर्ड' चालू करायचं आणि मग जिथून पॅकेट निघतं त्या व्हीलॅनमध्ये 'आयपी फॉरवर्ड-प्रोटोकॉल यूडीपी १०.१०.३०.२५५ ९' असा पत्ता आणि पोर्ट जोडीने द्यायचा.